समन्स, जप्ती, कब्जा: कॅलिफोर्नियातल्या काउंटी शेरीफकडून दिवाणी काम कसं करून घ्यायचं, आणि तो आपल्या दारी आला तर काय करायचं

सनीव्हेलमधलं भाड्याचं घर सोडलं, २१ दिवस उलटले, घरमालकाने डिपॉझिटही परत केलं नाही आणि कापलेल्या पैशांचा हिशेबही पाठवला नाही. तुम्ही स्मॉल क्लेम्स म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात गेलात, निकाल तुमच्या बाजूने लागला. इथवरची माहिती आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर फिरते. खरी अडचण यापुढे आहे. कोर्ट निकाल देतं, पैसे वसूल करून देत नाही. वसुलीचं काम काउंटी शेरीफच्या दिवाणी विभागाचं, आणि तेही तुम्ही कागद भरून सांगाल तेवढंच.

आपल्याकडे दिवाणी कोर्टाचा नाझर आणि त्याच्या हाताखालचे बेलिफ जे करतात, तेच कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांमध्ये शेरीफ करतो: समन्स बजावणं, पगार आणि बँक खात्यावर जप्ती, मालाचा लिलाव, घराचा कब्जा. मुंबईच्या नगरपालाचं नावही इंग्रजीत शेरीफच. ते वर्षभराचं मानाचं पद, सुनील गावसकर आणि दिलीप कुमार यांनी भूषवलेलं. मात्र मुंबई उच्च न्यायालयाची समन्सं आणि वॉरंटं बजावण्याचं काम त्या कार्यालयाकडे आजही आहे. कॅलिफोर्नियातला शेरीफ मतदारांनी निवडलेला असतो. तुरुंग आणि गस्त त्याच्याच हाताखाली, म्हणून दिवाणी कागद घेऊन येणारा माणूसही गणवेशात आणि कमरेला पिस्तूल लावून येतो. घाबरायला होतं. पण कागद दिवाणी असेल तर तो तुम्हाला पकडायला आलेला नसतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. डेप्युटी, म्हणजे शेरीफने पाठवलेला माणूस, खरंखोटं करत नाही, देणेकऱ्याचा पत्ता शोधत नाही, कायदेशीर सल्लाही देत नाही. लेखी सूचनेत जे आहे ते तो करतो, जे नाही ते करत नाही. त्यामुळे यश बरंचसं तुमच्या कागदावर आणि मुदती पाळण्यावर ठरतं.

समन्स बजावणी

दावा लावणाऱ्याला स्वतः समन्स देता येत नाही. दाव्यात नसलेला कोणीही १८ वर्षांपुढचा माणूस देऊ शकतो, नोंदणीकृत खासगी प्रोसेस सर्व्हर देऊ शकतो, शेरीफही देऊ शकतो. स्मॉल क्लेम्समध्ये कोर्टाचा क्लार्क सर्टिफाइड मेलने पाठवतो असाही पर्याय आहे, पण पोचपावतीवर प्रतिवादीचीच सही लागते आणि ती वेळेत मिळेलच असं नाही. मी तो शेवटी ठेवेन.

शेरीफकडून बजावणी हवी असेल तर क्रम असा:

१. कोर्टात दावा दाखल करून शिक्क्याच्या प्रती घ्या. स्मॉल क्लेम्सचा फॉर्म एससी-१००, व्यक्तीसाठी दाव्याची मर्यादा १२,५०० डॉलर.

२. एसईआर-००१ हा शेरीफला सूचना देणारा फॉर्म भरा. पूर्वी प्रत्येक काउंटीचा आपापला कागद असायचा, आता राज्यभर हाच चालतो.

३. प्रतिवादी ज्या काउंटीत राहतो किंवा काम करतो, त्याच काउंटीच्या शेरीफकडे द्या. दावा सँटा क्लारात आणि माणूस फ्रीमाँटला असेल, तर कागद अलमीडाच्या शेरीफकडे जातो.

४. फी भरा किंवा फी-माफीचा आदेश जोडा. माफीचा अर्ज एफडब्ल्यू-००१, तो कोर्टाकडे करायचा. फीचे आकडे बदलत असतात, त्यामुळे काउंटीच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता बघूनच चेक लिहा. रक्कम चुकली तर अख्खा गठ्ठा टपालाने परत येतो.

एसईआर-००१ वरची वर्णनाची जागा रिकामी सोडू नका. अपार्टमेंटच्या फाटकाचा कोड, कोणत्या मजल्यावर, घरी असण्याची वेळ, गाडीचा रंग, कुत्रा आहे का, सगळं लिहा. डेप्युटी बहुधा कामाच्या दिवशी दिवसाउजेडी फिरतो आणि दोनतीन फेऱ्यांनंतर ‘सापडला नाही’ असा शेरा मारून कागद परत पाठवतो. तेव्हा फीतलं फारसं काही हाती येत नाही. प्रतिवादी सकाळी आठला निघून रात्री परतणारा असेल, तर त्याच्या ऑफिसचा पत्ता द्या, नाहीतर सरळ खासगी सर्व्हर गाठा. तो रविवारी संध्याकाळीही जातो.

तारखांची गंमत इथेच होते. स्मॉल क्लेम्सची नोटीस प्रत्यक्ष हातात द्यायची तर सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी, प्रतिवादी दुसऱ्या काउंटीत असेल तर २० दिवस आधी. घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाकडे देऊन वर टपालाने प्रत पाठवली, तर त्यात आणखी दहा दिवस धरा. शेरीफकडे कागद पोचल्यावर तो टेबलावरून गाडीत जायलाही काही दिवस लागतात. म्हणून सुनावणीची तारीख मागतानाच पुढची घ्या. बजावणी झाली की शेरीफ तसा दाखला देतो; तो कोर्टात दाखल झालाय का, हे मात्र स्वतः तपासा.

प्रतिवादी भारतात परत गेला असेल तर काउंटी शेरीफचा उपयोग शून्य. तिथे परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याच्या हेग करारानुसार दिल्लीतल्या कायदा मंत्रालयामार्फत बजावणी करावी लागते, आणि टपालाने समन्स पाठवायला भारताने हरकत नोंदवलेली आहे. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याने उघडलं, दोन निळ्या टिका आल्या, याला बजावणी म्हणत नाहीत.

समन्स तुमच्याच दारी आलं तर

उन्हाळ्यात आईबाबा आलेले असतात. दुपारी बेल वाजते, बाबा दार उघडतात, गणवेशातला माणूस नाव विचारतो, बाबा ‘यस, माय सन’ म्हणतात, कागद घेतात आणि ते पाकीट टीव्हीखालच्या कपाटात, परतीच्या तिकिटांसोबत, नीट ठेवलं जातं. कोर्ट मात्र ही बजावणी ग्राह्य धरू शकतं. आईबाबांना एवढंच सांगून ठेवा: कागद आला तर फोटो काढून लगेच पाठवायचा आणि तारीख लिहायची. कागद नाकारून सुटका होत नाही. ओळख पटल्यावर डेप्युटीने तो पायाशी ठेवला तरी बजावणी पुरी.

नेहमीच्या दिवाणी दाव्यात हातात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर दाखल करायचं असतं. घर खाली करण्याच्या दाव्यात फक्त १० कोर्टाचे दिवस. १ जानेवारी २०२५ पूर्वी तर ते पाचच होते. मुदत चुकली की एकतर्फी निकाल होतो, आणि पुढचा कागद मग पगारावरच्या जप्तीचा असतो. एकतर्फी निकाल उठवता येतो, पण कारण द्यावं लागतं आणि त्यालाही मुदत आहे, म्हणून त्या भरवशावर राहू नये.

व्हिसावर असलेल्यांची पहिली शंका वेगळीच असते. उधारी, भाडं, डिपॉझिट यांचा दिवाणी निकाल म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नाही. २०१७ पासून क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या तीन मोठ्या संस्था असे निकाल आपल्या अहवालातही दाखवत नाहीत. दिवाणी प्रकरणात अटकेची वेळ सहसा एकाच वाटेने येते: मालमत्तेची माहिती द्यायला कोर्टाने हजर राहण्याचा आदेश दिला, तो रीतसर बजावला गेला आणि तरी माणूस गेला नाही.

निकाल हातात, आता वसुली

स्मॉल क्लेम्समध्ये निकालाची नोटीस टपालात पडल्यापासून ३० दिवस प्रतिवादीला अपिलाची मुदत असते. तेवढे थांबा. मग कोर्टाकडून ईजे-१३० हे रिट ऑफ एक्झिक्युशन घ्या, म्हणजे शेरीफला वसुली करायला सांगणारा हुकूम. ते दिल्यापासून १८० दिवसांच्या आत जप्ती सुरू करावी लागते. नंतर नवं रिट. निकाल स्वतः दहा वर्षं जिवंत राहतो आणि त्याचं नूतनीकरणही होतं. साधारणपणे दरसाल दहा टक्के सरळ व्याज चढतं. २०२३ पासून व्यक्तीच्या ग्राहक-कर्जावर आणि वैद्यकीय बिलांवर, ठरलेल्या रकमेखाली, ते पाच टक्के झालं आहे. शेरीफची फी आणि रिटचा खर्च देणेकऱ्याच्या खात्यावर चढवता येतो, म्हणून पावत्या जपा.

आता कुठे हात घालायचा ते ठरवा.

बँक खातं. मला विचाराल तर सुरुवात इथून. रिट, एसईआर-००१ आणि त्याची जप्तीसाठीची जोडपुरवणी एसईआर-००१ए, फी, एवढं शेरीफकडे द्यायचं. बँकेचं नाव कसं कळणार? तुम्ही त्या घरमालकाला भाड्याचे चेक दिले असतील, तर आपल्या बँकेच्या ॲपमध्ये वटलेल्या चेकची मागची बाजू उघडा. तो कोणत्या बँकेत भरला गेला ते तिथल्या शिक्क्यावरून कळतं, कधी खाते क्रमांकही दिसतो. मोठ्या बँकांनी जप्तीचे कागद स्वीकारायला एक मध्यवर्ती ठिकाण नेमलेलं असतं. राज्याच्या वित्तीय संरक्षण विभागाच्या (डीएफपीआय) संकेतस्थळावर त्यांची यादी आहे. कागद त्या ठिकाणच्या काउंटीच्या शेरीफकडे द्यायचे, देणेकऱ्याच्या गावच्या नाही. इथे चूक होते आणि दोन महिने जातात.

बँक जप्ती एकाच क्षणाची असते. कागद पोचला तेव्हा खात्यात जे होतं तेच अडकतं, उद्या आलेले पैसे मोकळे. देणेकरी घरमालक असेल तर भाडी जमा होतात त्या, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कागद पोचेल असं बघा. नेमका दिवस शेरीफ पाळेलच असं नाही, पण सूचनेत लिहायला हरकत काय?

नावाचा घोळ आपल्या लोकांत हमखास होतो. हुकूमनाम्यात पहिलं नाव आणि आडनाव, बँकेत मधे वडिलांचं नाव. किंवा लग्नाआधीचं आडनाव एका ठिकाणी, नंतरचं दुसऱ्या. बँक ‘असा ग्राहक नाही’ म्हणून कागद परत करते. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र कोर्टात देऊन रिटवर ती दुसरी नावं चढवून घ्या. खरं तर दावा लावतानाच भाडेकराराप्रमाणे पूर्ण नाव घातलं तर हे सगळं वाचतं. खातं नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एकटीच्या नावावर असेल तर वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक धरतात, म्हणून तिथवर पोचता येतं. जोडीदाराच्या पगारावर जायचं असेल तर मात्र कोर्टाची खास परवानगी हवी.

पगार. नोकरी कुठे आहे हे माहीत असेल तर हा रस्ता संथ, पण खात्रीचा. डब्ल्यूजी-००१ अर्ज शेरीफकडे द्या, तो कंपनीला कपातीचा आदेश बजावतो. कंपनी दहा दिवसांत कर्मचाऱ्याला प्रत देते, आणि बजावणीनंतर दहा दिवसांनी संपणाऱ्या पगारकाळापासून कपात सुरू होते. पैसे कंपनीकडून शेरीफकडे, शेरीफकडून तुमच्याकडे, कर्ज फिटेपर्यंत. आधीच दुसऱ्या कोणाची कपात चालू असेल तर थांबावं लागतं, आणि मुलांच्या पोटगीचा नंबर सगळ्यांच्या आधी.

किती कापतात? १ सप्टेंबर २०२३ पासून नियम असा: सक्तीच्या वजावटी जाऊन उरलेल्या आठवड्याच्या पगाराच्या २० टक्के, किंवा किमान तासवेतनाच्या ४८ पटीच्या वर जे उरतं त्याच्या ४० टक्के, यातलं जे कमी ते. २०२५ मध्ये राज्याचं किमान वेतन १६.५० डॉलर होतं, त्याची ४८ पट ७९२. आठवड्याला १,००० डॉलर उरणाऱ्याचे २० टक्के होतात २००. पण वरचे २०८, त्यांचे ४० टक्के ८३.२०. कपात ८३.२० डॉलर. २,५०० उरणाऱ्याचे मात्र पुरते ५०० जातात. गावाचं किमान वेतन राज्यापेक्षा जास्त असेल तर तो आकडा धरतात. एवढ्या एका कपातीवरून कंपनीला कामावरून काढता येत नाही.

दुकान, रेस्टॉरंट. इथे डेप्युटी प्रत्यक्ष जातो. गल्ल्यात त्या घडीला जे असेल ते उचलून येण्याचा एक प्रकार, आणि गल्ल्यापाशी काही तास माणूस बसवून येणारी प्रत्येक विक्री ताब्यात घेण्याचा दुसरा. आगाऊ रक्कम बरीच भरावी लागते आणि कार्डाने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जमान्यात गल्ला रिकामाच निघतो. पण शनिवारच्या गर्दीत गणवेशवाला काउंटरपाशी उभा राहणार, या कल्पनेनेच पुष्कळ मालक आदल्या दिवशी चेक घेऊन येतात.

घरावर जप्ती होते, पण राहतं घर विकायला कोर्टाचा वेगळा आदेश आणि घरासाठीची मोठी सूट हे अडथळे आहेत. लहान रकमेसाठी त्या फंदात पडू नका. बँकेचे हप्ते थकल्याने होणारे लिलाव इथे बहुतेक ट्रस्टी करतात, त्यात शेरीफ नसतो. न्यू जर्सीत मात्र तेच काम शेरीफचं, त्यामुळे तिथल्या एडिसन गावच्या मित्राचा अनुभव इकडे लावू नये. टेक्सासात दिवाणी समन्स बहुधा कॉन्स्टेबल आणतो आणि साध्या उधारीसाठी पगारावर जप्तीच होत नाही.

जप्ती तुमच्यावर आली तर

खातं अडकलं की लोक आधी बँकेशी भांडतात, मग कोर्टात धावतात. हरकतीचा फॉर्म मात्र शेरीफकडे द्यायचा असतो. बँक खात्यासाठी ईजे-१६०, पगारासाठी डब्ल्यूजी-००६. सोबत घरखर्चाचा तक्ता. बँकेच्या जप्तीत मुदत अशी: नोटीस हातात मिळाली असेल तर १५ दिवस, टपालाने आली असेल तर २० दिवस. तोवर शेरीफ आलेले पैसे आपल्याकडे धरून ठेवतो. तुमच्या हरकतीला धनकोने मुदतीत विरोध केला नाही तर पैसे सुटतात. केला तर न्यायाधीश सुनावणी घेतो.

काही रक्कम न मागताच वाचते: व्यक्तीच्या खात्यात दोन हजार डॉलरहून थोडी अधिक, दर जुलैत बदलणारी. थेट जमा होणारी सोशल सिक्युरिटी बँकेने स्वतःहून वेगळी काढायची असते. यापलीकडचं मागावं लागतं, पुराव्यासकट. खर्चाचा तक्ता भरताना संकोच नको. भारतात आईवडिलांना पाठवलेले पैसे, डे-केअर, औषधं, सगळं लिहा आणि पावत्या जोडा. न्यायाधीश त्यातलं काय मानेल हा पुढचा प्रश्न.

घराचा कब्जा

भाडं थकलं, तीन दिवसांची नोटीस संपली (शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या सोडून), दावा झाला, निकाल घरमालकाकडे लागला. तरीही घरमालकाला स्वतः कुलूप बदलता येत नाही, वीज तोडता येत नाही. तसं केलं तर दिवसाला १०० डॉलरपर्यंत दंड आणि वर नुकसानभरपाई. एक बेडरूम भाड्याने देणाऱ्या आपल्याच मंडळींना हे ठाऊक नसतं. ओळखीतला मुलगा म्हणून करार तोंडी, आणि वाजलं की सामान गॅरेजमध्ये. तोंडी करार असला तरी तो भाडेकरूच.

कब्जाचं रिट शेरीफकडे दिलं की डेप्युटी दारावर घर सोडण्याची नोटीस लावतो. पाच दिवस मिळतात. त्यानंतर ठरलेल्या दिवशी तो येतो. घरमालकाने किंवा त्याच्या माणसाने त्या वेळी हजर असलंच पाहिजे, सोबत कुलूपवाला; नसेल तर डेप्युटी निघून जातो आणि पुन्हा फी, पुन्हा रांग. तो दार ठोठावतो, खोल्या बघतो, आत कोणी नाही याची खात्री करतो, कब्जापावतीवर सही घेतो. कपाट, गादी, तांदळाचा डबा यांना तो हात लावत नाही. राहिलेलं सामान घरमालकाने सांभाळायचं, आणि भाडेकरूला ते न्यायला १५ दिवस मिळतात. कब्जा घरमालकाकडे गेल्यावर परवानगीशिवाय भाडेकरू आत शिरला तर प्रकरण फौजदारी होतं.

भाडेकरूने नोटीस दारावर बघितल्यावर शेरीफच्या खिडकीशी जाऊन विनवण्या करण्यात अर्थ नाही, मुदत वाढवण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच दिवशी कोर्टाच्या सेल्फ-हेल्प केंद्रात जा आणि स्थगिती मागा. ज्याचं नाव दाव्यात नव्हतंच पण जो दावा लागण्याआधीपासून तिथे राहतोय, त्याच्यासाठी कब्जाच्या हक्काचा वेगळा फॉर्म आहे.

मारहाणीपासून संरक्षणाचे आदेश

घरगुती हिंसाचारातला संरक्षणाचा आदेश शेरीफ फुकट बजावतो. एसईआर-००१ इथेही भरायचा. समोरच्याकडे हत्यार आहे का, तो चिडका आहे का, हे त्यात स्पष्ट लिहा, डेप्युटीच्या जिवाचा प्रश्न असतो. हे काम नातेवाइकाकडून करून घेण्याचा मोह टाळा. सुनावणीपूर्वी बजावणी झाली नाही तर तारीख पुढे मागता येते आणि तात्पुरता आदेश तोवर चालू राहतो. पुण्यामुंबईच्या कौटुंबिक न्यायालयातल्या दाव्याचं समन्स शेरीफ आणेल म्हणून वाट बघू नका, ते हेगच्या वाटेने येतं. आणि इथला पैशाचा निकाल भारतात आपोआप वसूल होत नाही: अमेरिका भारताच्या कायद्याप्रमाणे परस्परमान्य प्रदेशांत नाही, त्यामुळे तिकडे त्या निकालाच्या आधारे नवा दावा लावावा लागतो.

फोनवरचा शेरीफ

‘ज्युरी ड्यूटी चुकवलीत, वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरा नाहीतर डेप्युटी निघालाय’ असा फोन येतो. पलीकडचा माणूस खऱ्या अधिकाऱ्याचं नाव सांगतो, स्क्रीनवर शेरीफ कार्यालयाचाच नंबर दिसतो. शेरीफ फोनवर पैसे मागत नाही. गिफ्ट कार्ड, झेल ॲपवरून पैसे किंवा बिटकॉइन तर नाहीच. फोन ठेवा, काउंटीच्या संकेतस्थळावरून दिवाणी विभागाचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे दाव्याचा क्रमांक सांगून विचारा. खऱ्या कागदावर तो क्रमांक आणि कोर्टाचं नाव असतंच. फोनवाल्याकडे तो मागितला की बहुतेक वेळा लाइन कट होते.